ओळख पटेपर्यंत

"तुम्ही त्या नव्हेच," पलीकडून ठाम आवाज आला. "आणि असं दुसऱ्याच्या नावानं फोन करणं बरं नव्हे. ठेवतो."

कुलूपताईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे रागानं पाहिलं. समोरच्या टेबलाशी शिबिरवाली संत्रं सोलत बसली होती. रक्तदानाची शिबिरं भरवायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे मैदानात बोलल्यासारखं बोलायची सवय तिला खोलीतही होती.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, मी मी नाही." कुलूपताईंचा आवाज दोन कागद एकमेकांवर घासावेत तसा उमटला.

"मग कोण आहेस म्हणे?"

"ते नाही विचारलं. ठेवलाच फोन."

शिबिरवालीला हसता हसता ठसका लागला. "बाई गं! तुझ्या वयात नवरा ओळख विसरला तर एक वेळ समजू शकते मी. पण हा स्टोअरकाका तर तुला कधी भेटलेलासुद्धा नाही!"

"म्हणून तर," कुलूपताई म्हणाल्या, आणि घसा दुखला म्हणून गप्प बसल्या.

रक्तपेढीच्या संगणक विभागाच्या त्या प्रमुख होत्या. विभागात दुसरं कुणी नसल्यामुळे विभागही त्याच आणि प्रमुखही त्याच. 'कुलूपताई' हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. जो कुणी संगणकाची तक्रार घेऊन यायचा, त्याला त्या आधी विचारायच्या, "स्क्रीनच्या कोपऱ्यात चिमुकलं कुलूप दिसतंय का? नाही ना? मग एक अक्षर टाइप करू नका." हे इतक्या वेळा म्हणून झालं, की मोठ्या डॉक्टरांनीही एकदा भर मीटिंगमध्ये त्यांना त्याच नावानं हाक मारली आणि मग ते नाव कायमचं चिकटलं.

काम समजायला सोपं होतं, सांभाळायला मात्र किचकट. रक्तपेढीचा संगणक आणि आसपासच्या इस्पितळांचे संगणक दिवसभर एकमेकांशी बोलत. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुणाच्या ऑपरेशनसाठी कुठली राखून ठेवायची, कुठली परत घ्यायची. पण बोलण्याआधी इस्पितळाचा संगणक विचारायचा, 'तू रक्तपेढीच कशावरून?' मग रक्तपेढीचा संगणक आपलं सर्टिफिकेट पुढे करायचा. त्यावर शिक्का कुणाचा आहे ते पाहिलं जायचं. तो शिक्का मारणारा इस्पितळाच्या विश्वासाच्या यादीत असला तर बोलणं सुरू, नाहीतर दार बंद. ज्याला आपण ओळखतो त्यानं ज्याची ओळख दिली, त्याला घरात घ्यायचं. जगरहाटीच ती, फक्त तारांमधून चालणारी.

आता त्या शिक्क्याची, म्हणजे मूळ सर्टिफिकेटची, मुदत शुक्रवारी संपत होती. नवं तयार होतं. ते प्रत्येक इस्पितळाच्या यादीत नीट बसवायचं एवढंच काम उरलं होतं. शहरातली इस्पितळं चहा पिता पिता उरकली, कारण तिथली माणसं कुलूपताईंना चेहऱ्यानं ओळखत होती. राहिलं होतं एकच, धरणावरचं. आणि तिथे बसले होते स्टोअरकाका.

स्टोअरकाकांची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी त्या इस्पितळात गोड आवाजाच्या कुणा माणसाचा फोन आला होता. 'रक्तपेढीतून बोलतोय, एक फाईल पाठवलीय, तेवढी उघडा.' तिथल्या कारकुनानं उघडली आणि सगळे संगणक दगड होऊन बसले. पेशंटांची माहिती पुन्हा हातानं लिहून काढता काढता सिस्टर लोकांची बोटं सुजली. तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की जो माणूस कापसाचा बोळासुद्धा सहीशिवाय देत नाही त्याच्याच हाती संगणक द्यायचा. असे औषधांच्या स्टोअरमधले काका संगणकावर आले. त्यांना सगळं शिकवलं कुलूपताईंनी, आणि तेही फोनवरून.

"फाईल कुणीही पाठवो काका," तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तिला एक ठसा असतो. आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. फाईलमध्ये काडीइतका बदल केला तरी माळ बदलते. ती माळ मी माझ्या तोंडानं वाचून दाखवीन. तुमच्याकडे तीच दिसली तरच यादीत टाकायचं. आवाज माझा नसेल तर नाही. नंबर माझा दिसला तरी नाही, नंबर खोटा दाखवता येतो. कितीही घाई असली तरी नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही."

"आणि तुम्ही स्वतः सांगितलं तरी?" काकांनी विचारलं होतं.

"मी स्वतः असले तर माझा आवाज असेलच की!" आणि कुलूपताई खळखळून हसल्या होत्या.

तेव्हा त्यांचा आवाज होताच तसा. स्वच्छ, भरदार, टेलिफोनच्या तारेतून गाळून गेला तरी गोडवा न जाणारा. मग या वर्षी गळ्यात गाठ निघाली. गाठ वाईट नव्हती, ऑपरेशनही नीट झालं, पण स्वरतंतूंना जाणारी नस दुखावली. "काही महिन्यांनी सुधारेल," डॉक्टर म्हणाले, "किंवा असाच राहील. जीव वाचला हे महत्त्वाचं." जीव वाचला हे कुलूपताईंनाही मान्य होतं. फक्त लोक आता त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबत नसत. पहिले दोन शब्द ऐकून उरलेलं स्वतःच पुरं करत, तेही बहुतेक चुकीचं. दुकानात त्या साबण मागायला तोंड उघडत आणि हातात मीठ पडे.

शिबिरवालीनं संत्र्याची शेवटची फोड तोंडात टाकली आणि हात पुसले. "आण इकडे तो फोन. मी लावते त्यांना."

तिनं लावला. खोली दणाणून सोडत म्हणाली, "काका, नमस्कार! मी रक्तपेढीतून बोलतेय. आमच्या ताईंचा घसा बसलाय, म्हणून तो ठसा मी वाचते हं!"

दोन क्षणांत पलीकडून फोन आपटला गेला, तसा तिनंही रिसीव्हर ठेवला. तोंड एवढंसं झालं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मघाशी फोन केलेल्या बाई निदान हळू बोलत होत्या, तुम्ही तर त्या मुळीच नव्हेत."

यावर मात्र कुलूपताईंनाही हसू आवरेना. हसू नुसतंच खांद्यांतून हललं, आवाज आला नाही. थोड्या वेळानं फोन वाजला. काकांनी उलटा फोन केला होता, तोही इस्पितळाच्या भिंतीवर लिहिलेल्या जुन्या नंबरवर. माणूस पक्का! कुलूपताईंनी घाईनं उचलला, पण त्याआधी सवयीप्रमाणे रक्तपेढीची ध्वनिमुद्रित सूचना वाजून गेली होती. 'नमस्कार, रक्तपेढी. कृपया लाइनवर राहा, आम्ही आपल्याशी लवकरच बोलू.' ती सूचना काही वर्षांमागे कुलूपताईंच्याच आवाजात भरलेली होती.

"आत्ता बोलल्या त्या ताई!" काका उत्साहानं म्हणाले. "त्यांना द्या फोन."

"काका, मीच ती," कुलूपताई म्हणाल्या.

"पुन्हा तुम्हीच? अहो, आत्ता माझ्या कानानं ऐकलं त्यांना. शेजारीच बसल्या असतील. द्या म्हणतो ना!"

आपल्याच जुन्या आवाजानं आपल्याला खोटं पाडलं, हे कुणाला सांगायचं? या खेपेला फोन कुलूपताईंनीच ठेवला.

दुपारी मोठे डॉक्टर खोलीत आले. माणूस भला. कुणाला दुखवायचं नसलं की ते चष्मा काढून पुसत बसत. आताही पुसत होते.

"त्यांना सांगा ना, तेवढ्यापुरती ती तपासणीच बंद करा. सर्टिफिकेट विचारूच नका म्हणावं. नंतर बघू सावकाश."

"बंद करा हे सांगायलाही त्यांनाच फोन करावा लागेल," कुलूपताई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि ते हसले. "हेही खरंच." मग चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "बाकी ताई, मी म्हणत होतो... फोनवरचं काम दुसऱ्या कुणाकडे दिलं तर? तुम्हाला त्रास नको. तुम्ही आपलं आतलं बघा, मशिनींचं."

'आतलं बघा.' वाक्य मऊच होतं, पण कुठेतरी रुतलं. वीस इस्पितळांतली माणसं अडली की त्यांना हाक मारत, आणि त्या कधी रागावून, कधी चुचकारून त्यांना वाटेवर आणत. नोकरीतला तोच तर भाग त्यांचा लाडका होता. मशिनी काय, मशिनींना कोण कुठून बोलतंय याचं सोयरसुतक नसतं.

"शुक्रवारनंतर बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी सासरे दारातच वाट पाहत होते. त्यांचे कान गेली कित्येक वर्षं अधू होते आणि घरात फक्त सुनेचा आवाज त्यांना नीट पोचायचा. ऑपरेशननंतर तोही बंद झाला. पण त्यांनी त्याचं दुःख केलं नव्हतं. आता ते खुर्ची ओढून अगदी समोर बसत आणि सुनेच्या ओठांकडे पाहत.

"मला ऐकू येत नाही, तुला बोलता येत नाही," ते म्हणत. "घरात भांडण व्हायचं काही कारणच उरलं नाही."

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यानं जेवताना सगळी हकीकत ऐकली. हा मात्र वाक्य संपेपर्यंत थांबायचा, घास हातात धरून.

"माणूस बरोबर वागला गं," तो शेवटी म्हणाला.

"मला काय कळत नाही ते? मीच शिकवलंय. म्हणून तर चिडताही येत नाही!"

"मग जा भेटायला."

"गेले तरी ओळखणार कसं? माझा चेहरा कुठे पाहिलाय त्यांनी?"

"ते मला ठाऊक नाही. पण फोनवर ज्या भांडणाला तोंड फुटत नाही, ते समोरासमोर फुटतं. दुकानात रोज बघतो मी."

सासऱ्यांनी दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं पाहिलं. "कुठे निघालीस?" त्यांनी विचारलं. आणि कुलूपताईंचं जायचं तिथल्या तिथे ठरून गेलं, कारण सासऱ्यांना एकदा उत्तर दिलं की ते बदलून पुन्हा समजावणं फार कष्टाचं होतं.

सकाळच्या बसनं त्या निघाल्या. गळ्याभोवती रुमाल, पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, पाकिटात पेन ड्राइव्हवर नवं सर्टिफिकेट आणि कागदावर छापलेला ठसा. रस्ता वळणावळणांनी वर चढत गेला. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला दगड सुटू नयेत म्हणून लावलेल्या लोखंडी जाळ्या. जाळ्यांमागे दगड अडकलेले दिसत होते. हा रस्ता बंद पडला की इस्पितळाला फक्त त्या तारेचा आधार, आणि ती तार उद्या मुकी होणार, हे कुलूपताईंना आजवर नकाशात दिसलं होतं. आज खिडकीतून दिसलं.

इस्पितळ बैठं, पांढरं. स्टोअर मागच्या अंगाला होतं. सलाइनच्या खोक्यांच्या आणि कापसाच्या गठ्ठ्यांच्या मधोमध एक टेबल, त्यावर संगणक, आणि संगणकामागे एक किडकिडीत गृहस्थ. चष्मा कपाळावर, पेन कानावर. आवाज एवढा ठाम म्हणून कुलूपताईंनी मनात आडदांड माणूस उभा केला होता. त्या क्षणभर बघतच राहिल्या.

"काका, मी रक्तपेढीतून आले."

काकांनी चष्मा खाली घेतला. "तो फोनवरचा आवाज!"

"हो."

"म्हणजे इथवर आलात?" काका उभेच राहिले. रागवावं की कौतुक करावं, त्यांना ठरवता येईना. "बाई, तुमची चिकाटी मोठी आहे."

कुलूपताईंनी ओळखपत्र पुढे केलं. काकांनी ते खिडकीशी नेऊन उलटंसुलटं पाहिलं. फोटो जुना होता. त्यातल्या बाईचे केस काळे होते आणि गाल भरलेले.

"मिळतंजुळतं आहे," ते म्हणाले. "पण छापायला काय, काहीही छापता येतं. हे मी नाही म्हणत. ताईंनीच सांगितलंय."

"माहीत आहे."

"'हवं तर विचारा मला काहीतरी, म्हणजे ओळख पटेल,' असंही म्हणू नका. उत्तरं कुणीही गोळा करतं. हेही त्यांनीच सांगितलंय."

"तेही माहीत आहे," कुलूपताई म्हणाल्या आणि एका खोक्यावर बसल्या. घसा चुरचुरत होता. थर्मासचं झाकण उघडलं तर पाणी पार कोमट झालेलं.

काकांनी ते पाहिलं. काही न बोलता त्यांनी कोपऱ्यातली किटली लावली. "तुम्ही कोण ते ठरेपर्यंत पाहुण्या तर आहातच," ते म्हणाले. "खोक्यावर नको, ते इंजेक्शनांचं आहे. खुर्चीवर बसा."

वाफाळतं पाणी पीत कुलूपताईंनी हळूहळू सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, नस. काकांनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"कसं आहे," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही त्या असाल तर मला फार वाईट वाटतंय. आणि नसाल, तर ताईंच्या नावावर असलं दुखणं लावल्याचा मला फार राग येतोय. दोन्ही एकदम चाललंय बघा माझं."

कुलूपताईंना हसू फुटलं. खांदे हलायला लागले ते थांबेनात. काका आधी घाबरले आणि मग तेही हसायला लागले. तेवढ्यात दारात सिस्टर आली. उंच, घाईत, हातात मोजे.

"काका, उद्याच्या ऑपरेशनच्या बाईंसाठी रक्त राखून ठेवायचंय, तुमच्या संगणकावर पिवळी सूचना कसली येतेय? उद्या मुदत संपणार म्हणून? ते करून टाका ना आज. आणि या कोण?"

"तेच ठरवतोय," काका म्हणाले.

"मग ठरवा पटकन! बाई घाबरलेली आहे, तिला मी सांगितलंय रक्ताची काळजी नको म्हणून."

"घाईत असतानाच माणूस फसतो, सिस्टर." काकांचा आवाज पुन्हा फोनवरचा झाला. पण या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि कुलूपताईंना एकाएकी दिसलं, की हा माणूस हट्टी नाही, तो घाबरलेला आहे. त्या सुजलेल्या बोटांच्या दिवसांत हाही इथेच होता. आपण त्याला नियम दिला आणि आपण निर्धास्त झालो. नियम एकट्यानं सांभाळायचं ओझं याच्या डोक्यावर राहिलं.

"सिस्टर, काकांचं बरोबर आहे," कुलूपताई म्हणाल्या. "त्यांनी आत्ता घाई केली असती तर मीच त्यांना ओरडले असते."

"ओरडणार कशानं?" सिस्टरनं तो फाटका आवाज ऐकून विचारलं, आणि जीभ चावली. पण कुलूपताई हसल्या, तेव्हा तीही हसली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. खडीवर चाकं करकरली. रक्तपेढीची गाडी होती, शीतपेट्या पोचवायला आणि रिकाम्या न्यायला आलेली. गाडीवाला ड्रायव्हर कित्येक वर्षं हीच फेरी करत होता. दोन्ही हातांत पेट्या घेऊन तो स्टोअरमध्ये शिरला आणि दारातच थबकला.

"अहो कुलूपताई! तुम्ही इथे कशा? बसनं आलात? मला सकाळी नुसतं सांगायचं ना, पुढच्या सीटवर बसवून आणलं असतं!"

काकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, कुलूपताईंकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. "इथे नको. त्यांच्यासमोर नको." दार पुढे लोटलं, तरी बोलणं ऐकू येत होतं.

"तू यांना ओळखतोस?"

"म्हणजे काय? रोज सकाळी पाहतो."

"कधीपासून?"

"माझ्या थोरलीच्या जन्माच्या आधीपासून! तिच्या बारशाला यांनीच... जाऊ दे. झालं काय काका?"

"आणि आवाज?"

ड्रायव्हर हळू म्हणाला, "गेला तो. ऑपरेशनात. आम्हा सगळ्यांनाच चुकल्यासारखं होतं."

आत कुलूपताईंनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्याची ओळख देणारा तिसरा माणूस लागतो, आणि तो दोघांच्याही खात्रीचा लागतो, हे सांगण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. मशिनींसाठी त्यांनी तो तिसरा स्वतःच्या हातानं घडवला होता. आणि माणसाची वेळ आली तेव्हा रोज दारावरून जाणारा हा भला माणूस त्यांच्या डोक्यातसुद्धा आला नाही! पेट्यांचा माणूस म्हणून पेट्यांसारखाच तो नजरेआड राहिला होता.

दार उघडलं. काका आत आले ते सरळ त्यांच्यासमोर उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले. "मी तुमच्यावर दोनदा फोन आपटला."

"एकदाच. दुसऱ्यांदा तो आमच्या शिबिरवालीवर आपटलात. तिसऱ्यांदा मी आपटला."

"आणि वर म्हणालो, दुसऱ्याच्या नावानं फोन करणं बरं नव्हे!"

"बरं नाहीच ते," कुलूपताई म्हणाल्या. "चला, काम करू. सिस्टर थांबल्यात."

काम काकांनी स्वतः केलं. कुलूपताईंनी माउसला हातही लावला नाही. पेन ड्राइव्ह लावला, फाईल उघडली, ठसा पडद्यावर आला. काका त्यावर बोट ठेवून बसले आणि म्हणाले, "हं. वाचा."

"कागद आहे ना, तुम्हीच ताडून बघा की."

"नाही. रीत ती रीत. तुम्ही वाचायचं."

मग कुलूपताईंनी वाचलं. एकेक आकडा, एकेक अक्षर. मधे आवाज तुटला, तेव्हा काकांचं बोट त्याच जागी थांबून राहिलं. त्या पाण्याचा घोट घेत आणि पुढे वाचत. सिस्टर मोजे घातलेल्या हातांनी दाराची चौकट धरून उभी होती. ड्रायव्हर पेट्या ठेवायचं विसरून गेला होता. शेवटचं अक्षर संपलं तेव्हा काकांनी बोट उचललं.

"जुळला."

त्यांनी नवं सर्टिफिकेट विश्वासाच्या यादीत घातलं, जोडणी बंद करून पुन्हा सुरू केली. पडदा क्षणभर पांढरा राहिला, मग पिवळी सूचना गेली आणि रक्तपेढीच्या शीतकपाटातले आकडे ओळीनं उभे राहिले. सिस्टरनं लगेच उद्याच्या बाईंसाठी पिशव्या राखायची मागणी टाकली. शहरातून 'राखल्या' असं उत्तर आलं आणि ती "सांगते तिला!" म्हणत पळालीच.

कुलूपताईंनी फोन करून मोठ्या डॉक्टरांना कळवलं. ते खूश झाले, आणि मग चष्मा पुसायला घेतला असावा, कारण बोलणं अडलं.

"साहेब," कुलूपताई म्हणाल्या, "फोनचं काम माझ्याकडेच राहू द्या. लोकांना सवय होईल."

पलीकडे ते काहीतरी बोलू लागले. "मला पुरं बोलू द्या," कुलूपताई म्हणाल्या. मोठे डॉक्टर थांबले. "झालं. एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "राहू दे, राहू दे," मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखं त्यांना ओरडणार तरी कोण?"

ड्रायव्हरनं रिकाम्या पेट्या गाडीत भरल्या. "पुढची सीट पुसून ठेवलीय ताई," तो सांगून गेला. बाहेर इंजिन सुरू झालं. कुलूपताईंनी पिशवी उचलली.

"जरा बसता का?" काका म्हणाले. त्यांनी ताईंसाठी किटलीतलं पाणी पुन्हा ओतलं होतं. "पुढच्या खेपेला तुम्ही फोन कराल. तेव्हा मला कळायला हवं, की तुम्हीच आहात. रोज काही गाडी यायची नाही ओळख द्यायला."

"मग?"

"मग बोला. काहीही बोला. मी ऐकतो. कानात बसू दे."

कुलूपताई हसल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना कुणी 'बोला' म्हटलं नव्हतं. 'नको बोलूस' म्हणणारे पुष्कळ होते, मायेनंच म्हणणारे. आता बोलायचं म्हटल्यावर आधी काही सुचेचना. मग त्यांनी सासऱ्यांचं सांगायला घेतलं, ते कसे समोर खुर्ची ओढून बसतात ते. मग वळणावरच्या जाळ्यांमागे अडकलेल्या दगडांचं. मग लहानपणी शाळेत गोष्ट सांगायला उभं केलं होतं आणि ती संपवायचीच कशी ते आठवेना, त्याचं. आवाज मधेच विरायचा, मधेच खरखरत वर यायचा. वाक्यं लंगडत लंगडत पण शेवटपर्यंत पोचत होती.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. हात मांडीवर, डोळे मिटलेले, मान किंचित एका बाजूला. एखादा शब्द नीट उमटला नाही, की ते नुसती मान पुढे करत आणि थांबत.

ड्रायव्हरनं बाहेरून खिडकीतून आत डोकावलं. थोडा वेळ पाहिलं. मग जाऊन त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं.